रक्तवाढीच्या गोळ्या

पुण्यात जिल्ह्याच्या मैदानी स्पर्धा चालू होत्या आणि तीन हजार मीटरच्या शर्यतीत कन्हेरीची साखरबाई कोकरे मधेच खाली बसली. कुणी धक्का दिला नव्हता, पाय मुरगळला नव्हता. निम्मी शर्यत उरकली होती. वळणावर आल्यावर ती आधी चालायला लागली, मग चुन्याची रेघ ओलांडून आतल्या गवतावर गेली आणि दोन्ही हात मागं टेकून बसली. बाकीच्या पोरी तिच्यासमोरून पळत गेल्या, फिरून पुन्हा आल्या, पुन्हा गेल्या. तिच्या कानात पिठाच्या गिरणीचा पट्टा फिरावा तसा आवाज घुमत होता. मैदानाच्या पलीकडून वणवे सर हात वर करून ओरडत होते, पण तिला त्यांचं तोंड नुसतं हलताना दिसत होतं.

आदल्या वर्षी ह्याच मैदानावर ती दुसरी आली होती.

ही गोष्ट पंच्याण्णव सालच्या हिवाळ्यातली. साखरबाई तेव्हा बारामतीच्या कॉलेजात बारावीला होती. नाव आजीचं ठेवलेलं, घरात सगळे साखरा म्हणायचे. आजोबांच्या वेळेपर्यंत कोकऱ्यांच्या घरी मेंढरं होती. दिवाळी झाली की घोड्यावर संसार लादून बिऱ्हाड कोकणात उतरायचं आणि पावसाच्या तोंडाला परत यायचं. पुढं कालव्याचं पाणी आलं, ऊस आला, चरायच्या जागा राहिल्या नाहीत. साखराचा बाप म्हस्कू ह्यानं उरलासुरला कळप विकून टाकला आणि तो थोडी शेती आणि हंगामात साखर कारखान्याच्या गेटवर राखणदारी करू लागला. मागं राहिलेल्या पाच-सहा शेळ्या तेवढ्या साखराच्या वाट्याला आल्या. लहानपणी ती पळायला शिकली असेल तर ती त्या शेळ्यांच्या मागं.

वणवे सर कॉलेजात खेळ शिकवायचे. अकरावीच्या वार्षिक खेळांत मुलींच्या शर्यतीला एक पोरगी कमी पडत होती, म्हणून त्यांनी बघ्यांतून साखराला उठवून उभं केलं. तिनं चपला काढल्या, परकराचा ओचा खोचला आणि पळाली. बाकीच्या पोरी एवढ्या मागं राहिल्या की सरांना वाटलं, हिनं एक फेरी खाल्ली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तिला एकटीला पुन्हा पळवलं आणि फेऱ्या मोजायला चारी कोपऱ्यांवर पोरं उभी केली. धावून झाल्यावर ती दम न लागता म्हणाली, सर, अजून पळू का. सरांनी त्याच आठवड्यात कन्हेरीला येऊन म्हस्कूची गाठ घेतली. पोरगी रोज पहाटे पळणार, त्यासाठी लवकरच्या गाडीनं येणार, हे बापाला पटवायला त्यांना बराच चहा प्यावा लागला. पण तालुक्याला ती पहिली आली, जिल्ह्याला दुसरी आली, पेपरात तिचं नाव छापून आलं, आणि म्हस्कू तो कागद सदऱ्याच्या खिशात घालून गेटवर ड्युटीला जाऊ लागला.

मग त्या उन्हाळ्यात काहीतरी बिघडलं. आधी साखराला स्वतःलाच कळलं नाही. हापशावरून भरलेली कळशी आणताना मधे एकदा टेकवावी लागायला लागली. कॉलेजचा जिना चढला की छाती धडधडायची. पहाटे पळायला सुरुवात केली की मांड्यांत कुणी ओली वाळू भरल्यासारखं व्हायचं. आणि एक गोष्ट ती कुणालाच सांगत नव्हती. तिला पाटीवरच्या पेन्सिली खायची चटक लागली होती. धाकट्या भावाच्या दप्तरातून ती पेन्सिल काढायची आणि कडाकडा चावायची. पहिलीतल्या पोरांनी करायची गोष्ट आपण बारावीत करतोय म्हणून तिची तिलाच लाज वाटायची, पण हात जायचाच.

वणवे सर भला माणूस होता. पोरीचा वेग उतरला म्हणून त्यांना झोप येईना. ते पुण्याला गेले की दुकानं हिंडायचे, दुसऱ्या शिक्षकांना विचारायचे. कुणी सांगितलं, तुमच्या मुलीला प्रोटीन कमी पडतंय, आणि ते एक मोठा डबा घेऊन आले. त्यावर दंड फुगवलेल्या एका गोऱ्या माणसाचं चित्र होतं. रोज दुधातून दोन चमचे घ्यायचे. घरच्या गाईचं दूध सगळं डेअरीला जायचं. धोंडाबाईनं, म्हणजे साखराच्या आईनं, त्यातलं पेलाभर दूध पोरीसाठी बाजूला काढायला सुरुवात केली आणि नवऱ्याला सांगितलं, गाय आटत चाललीय. पावडरीनं साखराचं पोट गच्च व्हायचं, पण सरांनी आणलीय म्हणून ती नाक दाबून प्यायची. मग सरांनी जीवनसत्त्वाच्या कॅप्सूल आणल्या. त्या घेतल्यावर लघवी हळदीसारखी पिवळीधमक व्हायला लागली. धोंडाबाईला वाटलं कावीळ झाली, ती पोरीला घेऊन काविळीची माळ घालणाऱ्याकडं निघालीच होती. सरांनी समजावलं की असं होतं, जास्तीचं जीवनसत्त्व बाहेर पडतं. मग ते आत घ्यायचं तरी कशाला, असं धोंडाबाईच्या मनात आलं, पण सरांपुढं बोलायची तिची रीत नव्हती.

त्यातच साखराचं लग्न ठरलं. पिंपळीचं स्थळ होतं. मुलगा मानसिंग, घरचा ट्रॅक्टर चालवायचा, माणसं खाऊनपिऊन सुखी. बारावीची परीक्षा झाली की वैशाखात लग्न, असं ठरून सुपारी फुटली.

म्हणून त्या शर्यतीनंतर पुण्याहून परतल्यावर बारामतीच्या स्टँडवर सर जे बोलले ते तिच्या जिव्हारी लागलं. "तुझं मन उडालंय साखर," ते म्हणाले. "सोयरीक झाली, आता कशाला तडफडशील. मी उगाच मागं लागलो."

 तिला सांगायचं होतं की मन तिथंच आहे, पायच ऐकत नाहीत. पण असं म्हटलं की निमित्त सांगते असं वाटेल म्हणून तिनं पिशवी उचलली आणि कन्हेरीची गाडी धरली. पुढच्या आठवड्यात ती कुणी न बोलावता पहाटे मैदानावर हजर झाली आणि दुसऱ्याच फेरीला चक्कर येऊन पडली. ह्या वेळी मात्र सर घाबरले. तिचे ओठ त्यांना कागदासारखे दिसले.

वणवे सरांच्या सगळ्यात पहिल्या तुकडीत करिमा नावाची एक मुलगी लांब उडी मारायची. ती पुढं नर्स झाली, लग्न होऊन वालचंदनगरला गेली. नवरा कारखान्यात फिटर, राहायला क्वार्टर, आणि ती तिथल्या एका दवाखान्यात कामाला. सरांना तिची आठवण झाली. त्यांनी साखराला आणि धोंडाबाईला बरोबर घेतलं आणि तिघं वालचंदनगरला गेले. धोंडाबाई आजवर तिकडं कधी गेली नव्हती. सारख्या रंगाची ओळीनं घरं आणि झाडांखालचे सरळ रस्ते बघून तिनं पदर डोक्यावर आणखी पुढं ओढला.

करिमानं साखराच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली, नखं बघितली आणि सरांना म्हणाली, सर, तुम्ही जरा बाहेर बसा. मग तिनं दार लावून घेतलं आणि विचारायला सुरुवात केली. पाळी किती दिवस असते, कपडे किती बदलावे लागतात. अनवाणी पळतेस का, शेतात अनवाणी जातेस का. घरात कोण आधी जेवतं, शेवटी कोण. चहा कितीदा. साखरा मान खाली घालून एकेका शब्दात उत्तरं देत होती.

"पाटीवरची पेन्सिल खातेस का?" करिमानं विचारलं.

साखराच्या कानापर्यंत रक्त चढायला हवं होतं, पण चढायला अंगात होतं कुठं. तिनं आईकडं बघितलं. धोंडाबाईनं लेकीकडं बघितलं नाही. ती भुईकडं बघत होती.

"लाजायचं काही नाही त्यात," करिमा म्हणाली. "अंगात लोह कमी झालं की अशी इच्छा होते. कुणी पेन्सिल खातं, कुणी कच्चे तांदूळ, कुणी माती."

मग धोंडाबाई हळूच म्हणाली, "चुलीची भाजकी माती बी त्यातच येती का?"

करिमानं दोघींच्याही बोटाला सुई टोचली. साखराचं हिमोग्लोबिन साडेसात निघालं. धोंडाबाईचं त्याहून कमी, साडेसहा. बाराच्या वर असायला पाहिजे, असं करिमानं सांगितलं, आणि धोंडाबाईला कळेल अशा भाषेत म्हणाली की तुम्ही दोघी अर्ध्या रक्तावर चालताय. धोंडाबाईला ते खरं वाटेना. मला तर काहीच होत नाही, ती म्हणाली, दिवसभर काम करते. दम लागत नाही का, असं करिमानं विचारल्यावर ती म्हणाली, दम तर बायामाणसाला लागतोच.

सरांना आत बोलावून करिमानं सगळं सांगितलं. सरांनी पावडरीच्या डब्याची, कॅप्सूलींची हकिकत सांगितली आणि त्यांचा आवाज बारीक झाला. आपण पोरीला मन उडालंय म्हणालो, हे त्यांना आता बोचत होतं. करिमा त्यांच्यावर रागावली नाही. "डबा वाईट नाही सर," ती म्हणाली. "पण विहिरीत पाणीच नसेल तर वर मोठी मोटर बसवून काय होणार?"

औषध अगदी साधं होतं. आधी जंताची गोळी, कारण अनवाणी हिंडणाऱ्यांच्या पोटात रक्त पिणारे जंत असतात. आणि मग रोज एक लोहाची गोळी, जेवणानंतर, लिंबाच्या पाण्याबरोबर. गोळीच्या आगेमागे चहा प्यायचा नाही, चहानं लोह अंगी लागत नाही. पेरू खायचा, आवळा खायचा, पालेभाजी खायची. मटण केलं तर काळीज खायचं. काळीज घरात कोण खातं, असं करिमानं विचारलं तेव्हा मायलेकी एकदमच म्हणाल्या, गडीमाणसं. पहिले काही दिवस मळमळेल, परसाकडं काळी होईल, घाबरायचं नाही. जोराचं पळणं बंद, नुसतं चालायचं. फरक पडायला दोन-तीन महिने लागतील. आणि ह्या गोळ्या विकत घ्यायची गरज नाही, गावातल्या सरकारी उपकेंद्रात नर्सबाईंकडं फुकट मिळतात.

घोटाळा झाला तो इथंच. गावात त्या लाल गोळ्यांना रक्तवाढीच्या गोळ्या म्हणत, आणि त्या फक्त एकाच प्रकारच्या बाईला मिळतात हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. साखरा कॉलेजवरून येताना उपकेंद्रात गेली तो नेमका पोटुशा बायकांना तपासायचा दिवस होता. बाकावर सहा-सात जणी पोट सांभाळत बसल्या होत्या. त्यांच्यात सुनेला घेऊन आलेली शेजारची भामाबाई होती. तिनं साखराला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि काही विचारलं नाही.

पुढचं सगळं जणू ठरवून केल्यासारखं जुळत गेलं. गोळ्यांनी साखराला मळमळायला लागलं आणि एकदा सकाळी ती गोठ्याच्या मागं ओकली. तिनं पळणं सोडलं, ती सावकाश चालायला लागली. धोंडाबाई शेजारपाजारी लिंबं मागत होती, आवळे मागत होती. भामाबाईला आणखी काय पाहिजे होतं. तिची बहीण पिंपळीत दिलेली होती.

पंधरा दिवसांत पिंपळीहून निरोप आला की लग्नाचं पुढं ढकलू, आमची जरा अडचण आहे. अडचण काय ते कुणी सांगेना. म्हस्कूला ते कारखान्याच्या गेटवर कळलं. कळवणाऱ्यानं हसत हसत कळवलं. म्हस्कू ड्युटी अर्धी टाकून घरी आला, कोनाड्यातली गोळ्यांची पुडी उचलली आणि शेणखताच्या उकिरड्यात भिरकावून दिली. त्यानं पोरीवर हात उगारला नाही. ती वालचंदनगरला गेली होती, रक्त तपासलं होतं, हे त्याला सांगून झालेलं होतं आणि त्याला ते पटलंही होतं. पण गावाला काय सांगू, एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. पळणंबिळणं बास झालं, म्हणाला. त्या दिवसापासून तो पारावर जायचा बंद झाला.

साखरानं दुसऱ्या दिवशी पुन्हा उपकेंद्रात जाऊन गोळ्या आणल्या. भर दुपारी, सगळ्यांच्या देखत. नर्सबाईंनी गोळ्या कागदात बांधून देताना तिच्या हातावर हात ठेवला, तेवढ्यानंच तिला रडू फुटलं. पण बाहेर आली तेव्हा तिनं डोळे पुसले होते.

मानसिंग तिला कालव्याच्या पुलावर भेटला. तो सायकल लावून तिची वाट बघत थांबला होता. ठरल्यापासून दोघं एकमेकांशी असे कधी बोलले नव्हते. त्यानं खरं काय ते विचारलं आणि तिनं सगळं सांगितलं, बोटाला सुई टोचल्यापासून ते आईच्या रक्तापर्यंत. तो शांतपणे ऐकत होता. त्याचा चेहरा चांगला होता. तिला वाटलं, ह्याला समजलं.

"माझा इश्वास हाय," तो म्हणाला. "म्हणून तर आलो. पर लोकांची तोंडं हायत. तू असं कर, गोळ्या बंद कर आन् पळणं बी सोड. महिन्याभरात समदं गप हुतंय. मग आईला मी समजावतो."

"आन् मला चक्कर येतीया त्याचं काय?"

"लग्न झाल्यावर बघू की. म्या सोता डाक्टरकडं नेईन."

साखरा पाण्याकडं बघत राहिली. कालव्याला त्या दिवशी आवर्तन सुटलेलं होतं, पाणी काठोकाठ चाललं होतं. ती म्हणाली, "तुमचा इश्वास हाय तर तुमच्या आईला आजच सांगा, पोरगी आजारी हाय, तिला बरी हुऊ दे. मग लगीन लावू."

मानसिंगनं सायकलच्या घंटीवर बोट ठेवलं, पण ती वाजवली नाही. आईपुढं असं बोलायची आमच्यात पद्धत नाही, असं काहीतरी तो पुटपुटला.

"मग ऱ्हाऊ द्या," साखरा म्हणाली. "तुमच्याकडनं मोडली असं म्हणू नका. आमच्याकडनं मोडली म्हणा."

घरी येऊन तिनं आईला सांगितलं. धोंडाबाई भाकरी थापत होती. तिचे हात थांबले, परातीतल्या पिठावर तशीच बोटं टेकून ती बसून राहिली. साखराला वाटलं, आता ही बोलेल, बडवेल. पण धोंडाबाईनं विचारलं ते वेगळंच. गोळी घेतलीस का आज, म्हणाली.

दोन दिवसांनी मायलेकी दळण घेऊन गिरणीवर गेल्या. गिरणीत ही गर्दी होती. भामाबाई डबा लावून बसलेली. तिनं आवाजात साखर घोळून विचारलं की धोंडा, पोरीला लई मळमळतंय म्हणं, आता बरं हाय का. बाकीच्या बायका आपापल्या डब्यांकडं बघायला लागल्या. साखराला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. ती आईचा हात धरून मागं ओढत होती.

धोंडाबाईनं हात सोडवून घेतला. पदराच्या टोकाची गाठ सोडली, आतून लाल गोळी काढली. गिरणीवाल्याकडं तांब्याभर पाणी मागितलं. सगळ्यांच्या समोर गोळी जिभेवर ठेवली, पाणी प्यायली, तोंड पुसलं.

"हीच ती गोळी," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण पट्ट्याच्या घरघरीतून तो शेवटच्या डब्यापर्यंत गेला. "लेक खातीया, मी बी खातीया. माझं रक्त तर तिच्यापरास कमी भरलंय. आता मला कितवा म्हयना लागलाय ते बी सांगून टाक, भामाबाई."

 मग कोपऱ्यात पायलीभर बाजरी घेऊन बसलेली फुलाबाई नावाची म्हातारी हसायला लागली. तिचं हसू थांबेना. तिच्या मागं दुसरी हसली, तिसरी हसली. भामाबाईनं डबा उचलला आणि पीठ गरम असतानाच डोक्यावर घेऊन चालू लागली.

 परत येताना धोंडाबाई वाटेत बांधावर बसली. लग्नाला वीसेक वर्षं झाली होती, आणि चारचौघांत तिनं आवाज काढल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. साखरानं तिच्या डोक्यावरचा डबा उतरवून घेतला.  जरा वेळानं गिरणीवरची एक सून मागून पळत आली आणि दबक्या आवाजात विचारायला लागली की रक्त तपासतात ते नक्की कुठं, आणि लई दुखतं का.

म्हस्कूला हे कुणी सांगितलं कोण जाणे. त्यानं घरात त्याचा विषय काढला नाही. पण तो पुन्हा पारावर जायला लागला. चैत्रात बिरोबाच्या जत्रेला घरी बोकड पडला. रिवाजाप्रमाणं गडीमाणसं आधी जेवायला बसली, पाहुणे होते, पोरं होती. बायकांची पंगत शेवटी. साखरा आणि धोंडाबाई जेवायला बसल्या तेव्हा चुलीमागं एक वाटी परातीखाली झाकलेली सापडली. वाटीत काळजाचे तुकडे होते. धोंडाबाईला वाटलं, जावेनं चुकून ठेवलं असेल. जाऊ म्हणाली, भावोजींनी आपल्या ताटातलं काढून ठेवलंय आणि बजावलंय की कुणी हात लावायचा नाही. साखरानं बाहेर बघितलं. म्हस्कू ओट्यावर पाहुण्यांना पान लावून देत होता आणि मुद्दाम तिकडंच तोंड करून बसला होता.

रक्त हळूहळू भरत गेलं. आधी पेन्सिलीची वासना गेली. एक दिवस भावाचं दप्तर समोर पडलं होतं आणि आपला हात गेला नाही, हे तिच्या संध्याकाळी लक्षात आलं. मग कळशी मधे न टेकवता घरापर्यंत यायला लागली. वैशाखात, ज्या आठवड्यात तिचं लग्न व्हायचं होतं, त्या आठवड्यात ती पहिल्यांदा पुन्हा पळाली. सरांनी तिच्यासाठी बूट आणले होते. बुटांत तिला पाय दुसऱ्याचेच वाटत होते. सर शिट्टी न वाजवता तिच्या बाजूनं सायकल चालवत राहिले आणि ती थांबली तेव्हा म्हणाले, "साखर, मी तुला बोललो ते विसर." ती म्हणाली, मला आठवतच नाही. दोघांनाही ठाऊक होतं की ते खरं नाही.

पुढच्या हिवाळ्यात वालचंदनगरच्या मैदानावर आसपासच्या कॉलेजांच्या स्पर्धा झाल्या. करिमानं निरोप धाडला की धोंडाबाईला घेऊन या. धोंडाबाईनं आजवर लेकीला शर्यतीत पळताना कधी बघितलंच नव्हतं. ती नवं लुगडं नेसून करिमाशेजारी पायऱ्यांवर बसली. बंदूक वाजली, पोरी सुटल्या. सुरुवातीला सगळं तिला समजलं, लेक घोळक्यात होती. मग फेऱ्यांवर फेऱ्या झाल्या, घोळका फुटला, पोरी मैदानभर विखुरल्या आणि धोंडाबाईचा हिशेब चुकला. तिला दिसलं एवढंच की साखराच्या पुढं तीन-चार पोरी रेंगाळत चालल्यात आणि साखरा त्यांच्या मागं. तिनं करिमाचा हात घट्ट धरला. असू दे बाई, ती म्हणाली, शेवटची आली तरी चालंल, पडली न्हाय म्हंजे झालं.

करिमा हसत होती. त्या पोरी पुढं नाहीत, एक फेरी मागं आहेत, साखरा त्यांना गाठतेय, हे तिनं दोनदा समजावून सांगितलं, पण धोंडाबाईच्या डोक्यात ते शिरेना. शेवटी फीत लेकीच्या छातीला लागली आणि सर टोपी हवेत उडवत धावले, तेव्हा तिनं विचारलं, संपली का. मग बाकीच्या अजून का पळत्यात.

त्या वर्षी साखरा राज्याच्या स्पर्धेला नाशिकला गेली आणि तिथं आठवी आली. तिच्या पुढं पळणाऱ्या पोरी वेगळ्याच होत्या, हे तिनं घरी येऊन मोकळेपणानं सांगितलं. पुढच्या वर्षी सहावी आली. त्याच्या पुढं ती कधी गेली नाही, आणि तिला त्याचं वाईट वाटलं.  बीए झाल्यावर तिनं शारीरिक शिक्षणाची पदवी घेतली आणि दोन हजार साली इंदापूर तालुक्यातल्या एका हायस्कुलात खेळाच्या बाई म्हणून लागली. मानसिंगचं लग्न केव्हाच होऊन गेलं होतं. साखराला स्थळं येत होती, ती एकेकाला बघत होती आणि घाई करत नव्हती. म्हस्कू घाई करत होता, पण पहिल्यासारखी नाही.

शाळेजवळ तिनं भाड्यानं खोली घेतली. धोंडाबाई तिथं अधूनमधून राहायला यायची. पहिल्यांदा आली तेव्हा तिनं संध्याकाळी भाकरी केल्या, लेकीला वाढलं आणि भिंतीला टेकून बसली. साखरानं दुसरं ताट काढून तिच्यापुढं ठेवलं. नंतर जेवते, धोंडाबाई म्हणाली. हितं नंतर कोण येणार हाय जेवायला, असं साखरानं विचारलं, तेव्हा धोंडाबाईनं दाराकडं एकदा बघितलं, ताट जवळ ओढलं आणि भाकरी मोडली.